गुदगुल्या

दातांच्या डॉक्टरांशी माझी पहिली भेट झाली, तेव्हा माझा अर्धा जबडा बधिर होता. "तुम्ही काय करता?" या साध्या प्रश्नाला मी उत्तर दिलं, "फहिलीला हिकवते."

मास्कच्या वरचे डोळे हसले. "पहिलीच्या बाई! मग माझ्या भाचीला भेटाच. बाहेर बसलीय. धडाधड वाचते!"

बाहेर बाकावर दोन वेण्यांची चिमुरडी खरंच धडाधड वाचत होती. पण बोट भलत्याच ओळीवर... मी शेजारी बसले आणि कमळाच्या चित्रावर हात ठेवला. "आता वाच बरं."

ती खालच्या शब्दाकडे नुसती बघत राहिली. मग तिने पुस्तक मिटलं आणि मागून बाहेर आलेल्या मामाच्या कोटात तोंड खुपसलं.

"घाबरवलंत तुम्ही तिला," डॉक्टर म्हणाले. डोळ्यांतलं हसू पार मावळलं होतं.

"फाठ आहे तिला. वाचता नाही येत." मी तिथून निघाले, ती धुसफुसतच!

दुसऱ्या दिवशी शाळा सुटली तर फाटकाशी मामा-भाची उभे.

"काल घरी सगळी चित्रं झाकून पाहिली," ते खालच्या मानेने म्हणाले. "ताई हॉस्पिटलात नर्स आहे, तिची रात्रपाळी असली की गोष्टी मीच वाचून दाखवतो. मला वाटायचं, किती हुशार आहे पोर..."

"आहेच. एवढं पाठ करणं सोपं असतं का?"

"सुट्टीनंतर ती तुमच्याच शाळेत येणार. दुसरीत घेतील ना?"

"मुख्याध्यापिका न पाहिलेलं पान वाचायला देतात. नाही आलं तर पुन्हा पहिली."

"बाळांच्या वर्गात?" चिमुरडीचे डोळे भरले. ते पाहिलं आणि माझा राग कुठच्या कुठे पळाला.

मग रोज शाळेनंतर रिकाम्या वर्गात आम्ही तिघं. डॉक्टर लहानग्या बाकावर, गुडघे हनुवटीला टेकवून.

"क... म... ळ..." चिमुरडी म्हणायची, "फूल!"

"चित्र नाहीये तिथे. अक्षरांवरून घसरत ये, मध्ये थांबू नकोस."

"क-म-ळ... कमळ!" तिने बाकावरून उडीच मारली.

काना आला, वेलांटी आली. आणि मामांचं पुटपुटणं काही जाईना.

"डॉक्टर, सांगू नका तिला."

"मी नुसता श्वास घेत होतो."

"श्वासाला वेलांटी नसते!"

"रागावलात की तुमच्या गालाला खळी पडते, बाई."

"तुम्ही दातांचे डॉक्टर ना? मग गाल कशाला बघता?"

"दात सगळे बघून झाले..."

मी फळ्याकडे वळले. खडू उगाचच मोडला.

परीक्षेच्या सकाळी मुख्याध्यापिकांनी एक कोरं करकरीत पुस्तक उघडलं, तेही बिनचित्रांचं. आम्ही दोघं दाराशी उभे होतो.

"मा-शी-ने सिं-हा-च्या ना-का-ला..." चिमुरडी थबकली. पुढचा शब्द लांबलचक होता. तिने मामाकडे पाहिलं. मामांचे ओठ हलू लागले, तसा मी त्यांचा हात घट्ट धरला. ते गप्प झाले. हात मात्र त्यांनी सोडवून घेतला नाही.

तिने पुन्हा पुस्तकात डोकं घातलं. "गु... द... गु... ल्... या..." बोट मागे गेलं, पुन्हा पुढे आलं. "गुद... गुल्या..."

आणि ती एकदम खिदळायला लागली! "गुदगुल्या केल्या! सिंहाला! माशीने!"

मुख्याध्यापिकाही हसल्या. "पाठ करून कुणी असं हसत नाही," त्यांनी पुस्तक मिटलं. "दुसरी."

"थांबा ना!" चिमुरडीने पुस्तक ओढून घेतलं. "सिंहाने काय केलं ते वाचू दे!"

आम्ही व्हरांड्यात आलो. डॉक्टर चष्मा काढून डोळे पुसत होते. आतून तिचा आवाज येत होता. अडखळत, पण स्वतःचा.

"उद्यापासून शिकवणी नाही," मी म्हटलं.

"मग मी संध्याकाळी कुठे जायचं?"

"दवाखान्यात. पेशंट वाट बघत असतील."

"बाई, माझं प्रेम आहे तुमच्यावर." ते इतकं सरळ बोलले, की मी हसायचंही विसरले. "तुमचं काय ते सांगा. सावकाश सांगितलंत तरी चालेल."

"सावकाश कशाला? माझंही आहे. संध्याकाळी घरी या, आईला सांगू."

"येतो. तुमच्या आईंना—"

"आता 'तुम्ही' पुरे झालं हं!"

त्यांनी इकडे-तिकडे पाहिलं. कानाच्या पाळ्यांपर्यंत लाल झाले.

"तू..." ते म्हणाले, आणि मग मोठ्याने, सगळ्या व्हरांड्याला ऐकू जाईल असं, "तू सांगशील तेव्हा येतो!"