टेबलावरची भेट

परतूरहून धोत्रेवाडीला स्कूटीवर पंचवीस मिनिटं लागतात. कापसाच्या गाड्या आडव्या आल्या तर चाळीस. अर्पिता सात वर्षं हे अंतर कापत होती आणि वाटेतला खड्डा न् खड्डा तिला ओळखीचा झाला होता. धोत्रेवाडीच्या आरोग्य उपकेंद्रात सिस्टरच्या जागा दोन. त्यातली एक दोन वर्षांपासून रिकामी. पाच गावं, तीन वस्त्या आणि ती एकटी. पण रडगाणं गाणारी बाई ती नव्हे. इंजेक्शन घ्यावं तर अर्पिता सिस्टरच्या हातून, मूल रडत नाही, असं पाची गावांत म्हणत आणि ते खरं आहे हे तिलाही ठाऊक होतं.

अडचण एकच होती. घरी दहा महिन्यांची यशोधरा, म्हणजे यशू, सासूजवळ असायची. पाचच्या आत घरी पोचलं तर पोरगी अंगावर झेप घ्यायची. सहा वाजले की रुसून बसायची. सात वाजले की झोपलेलीच सापडायची. त्यामुळे अर्पिताचा सगळा दिवस त्या पाचाच्या काट्याभोवती फिरायचा.

बाळंतिणीच्या घरी जायचं, बाळाचं वजन घ्यायचं, ताप बघायचा, चार गोष्टी सांगायच्या आणि ते सगळं गृहभेटीच्या वहीत उतरवायचं, हे तिचं काम. वस्त्या लांब, आणि अहवाल मात्र पंचवीस तारखेला हवाच. मग जी घरं राहून जात ती खुर्चीत बसूनच भरायची. मागचं वजन बघायचं, अंदाजाने थोडं वाढवायचं, शेरा लिहायचा, सही ठोकायची. सिस्टर लोक आपसांत याला टेबलावरची भेट म्हणत. हे बरोबर नाही हे सगळ्याजणी जाणून होत्या आणि केलं नाही अशीही कुणी नव्हती. अर्पिताने मात्र एक नेम पाळला होता. ज्या घरची भेट टेबलावर झाली, तिथे दोन-चार दिवसांत स्वतः जायचंच.

त्याच नेमाने ती डिसेंबरात तळ्याकाठच्या वस्तीवर गेली. तिथल्या प्रीतीचं पोरगं जन्मतःच अशक्त होतं. अर्पिताने झोळीचा काटा काढला तशी प्रीती म्हणाली,

"आज परत? मंगळवारीच तर आल्त्या की ताई."

अर्पिता हसली. वस्तीवरच्या आशा सेविका येऊन गेल्या असतील म्हणाली. प्रीतीला ते पटलं नाही. आशाताईला काय ती ओळखत नव्हती? हीच साडी होती, हीच पिशवी, कपाळावरचा हाच बारका व्रण.

"निस्तं त्या दिवशी तुम्ही लई शुद्ध बोलून राह्यल्या होत्या. 'बाळास सहा महिने निव्वळ स्तनपान द्यावे.' मी अन् सासूबाई मागून लई हसलो."

ते वाक्य अर्पिताने मंगळवारी वहीत लिहिलं होतं. उपकेंद्रात, डबा खाता खाता.

वजन तिने अंदाजाने दोन किलो सहाशे मांडलं होतं. आज शुक्रवारी काटा दोन किलो सातशेवर थांबला. तीन दिवसांत निरोगी बाळ जेवढं वाढावं, नेमकं तेवढंच.

परतताना तिने स्वतःची समजूत घातली. बाळंतिणीला वार कुठला लक्षात राहतो? शेरे तर वर्षानुवर्षं तेच. कधीतरी तोंडाने सांगितलं असेल. पण पुढच्या आठवड्यात दुसऱ्या घरी तेच घडलं. तिथे घाईत तिने फक्त "ताप नाही" असं लिहिलं होतं. त्या घरची म्हातारी कुरकुरली की सिस्टरने लेकराच्या कपाळाला हात लावला, "ताप नाही" म्हणाली आणि निघून गेली. बस म्हटलं तर बसली नाही, पाणीसुद्धा घेतलं नाही.

अर्पिता डोक्याने चालणारी बाई होती. तिने परीक्षा घेतली. तिसऱ्या एका घराच्या नावापुढे मुद्दाम वेगळाच शेरा लिहिला: खोलीची खिडकी उघडी ठेवावी. दुसऱ्या दिवशी सकाळी मुद्दाम वाट वाकडी करून गेली. त्या घराची खिडकी तिने सात वर्षांत पोती कोंबून बंद केलेलीच पाहिली होती.

खिडकी उघडी होती. पोती घडी करून ओसरीवर ठेवली होती आणि खाटेवर बाळाच्या पायांशी उन्हाचा चौकोन पडला होता.

तिला भीती वाटायला हवी होती. वाटलं ते हायसं. रिकामी जागा भरली म्हणायची, ती मनाशी म्हणाली.

त्यानंतरचे दिवस सुखाचे गेले. लांबच्या वस्त्या टेबलावर, जवळची घरं पायी. तळ्याकाठचं पोरगं बाळसं धरू लागलं. एकही लस चुकली नाही. साडेचारला कुलूप, पाचला यशूची झेप. जिल्ह्यावरून फॉर्म आला, कामाबाबत आपण किती समाधानी आहात, मनुष्यबळ पुरेसे आहे का. बैठकीत सगळ्याजणी तोंड वाकडं करून खुणा करत होत्या. अर्पिताने दोन्हीकडे सगळ्यात वरच्या चौकटीत खूण केली. शेजारच्या उपकेंद्राच्या प्रियाने डोकावून पाहिलं.

"साहेबाला लोणी लाव, पण येवढं? अगं, एकटी हायेस तू तिथं."

"होतं बराबर सगळं," अर्पिता म्हणाली.

पंचवीस तारखेला आरोग्य केंद्रावर कुटुंब नियोजनाचं शिबिर होतं. सकाळपासून बारा बाया उपाशी बसलेल्या आणि सर्जनच्या गाडीचा पत्ता नव्हता. अडीच वाजता सासूचा फोन आला. यशूला ताप भरला होता. चमच्याने पाणी घेईना, रडून रडून आवाज बसला होता.

अर्पिताने डॉक्टरांना तासाभराची सुट्टी मागितली. डॉक्टर वाईट नव्हते. त्यांनी नुसतं त्या बारा बायांकडे पाहिलं, मग तिच्याकडे. अन् त्याच वेळी सर्जनची गाडी फाटकात वळली.

हातमोजे चढवण्याआधी तिच्याजवळ दोन मिनिटं होती. अहवालाच्या ढिगात तिची वही वरच होती. तिने ती उघडली.

बाळाचे नाव: यशोधरा. पत्ता: परतूर.

पेन थांबलं नाही. बाळास औषध दिले. अंगावर पाजले. बाळ शांत झोपले. शेवटचा रकाना पुढील भेटीचा. तापाच्या बाळाला लिहितात ते तिने हाताच्या सवयीने लिहिलं: रोज. खाली सही केली. तेवढ्यात कारकून आला आणि वह्यांचा गठ्ठा जिल्ह्याला न्यायला घेऊन गेला.

घरी पोचायला साडेसहा झाले. दुपारपासून छाती दुधाने दगड झाली होती, पोलकं भिजून वाळलं होतं.

सासू निवांत तांदूळ निवडत बसली होती. तिने वरही पाहिलं नाही.

"आता कशाला धावत आलीस? तीनला येऊन पाजून गेल्तीस नं. तवाच उतरला ताप." मग हसून म्हणाली, "अन् जाताना काय गं ते, 'पुढील भेट रोज'? सासूसंगं कुणी असं बोलतं का?"

यशू सतरंजीवर जागीच होती. तिने झेप घेतली नाही. रुसलीही नाही.

अर्पिताने तिला उचललं. अंग गार होतं, केस विंचरलेले. तिला मांडीवर घेऊन पदराखाली धरलं.

यशूने तोंड फिरवलं.

तिच्या ओठाच्या कोपऱ्यातून हनुवटीपर्यंत दुधाचा वाळलेला पांढरा ओघळ होता.

परक्या बाईच्या मांडीवर बसवावं तशी ती गप्प, अवघडून बसली, आणि दाराकडे बघत राहिली.