पाठमोरा पुढारी

“माझ्या कादंबरीचा शेवट कोणी फिरवला ते शोधा,” लेखिकाबाई आल्या आल्याच कडाडल्या. “दिग्दर्शकच असणार. लिहायला मी शिकवलं त्याला, आता कोर्टात खेचते!”

वहिनींनी खुर्ची पुढे केली. खाजगी तपासात त्यांचा हात धरणारं कोणी नव्हतं. मदतीला त्यांचे दीर होते, मनानं सोनं, डोक्यानं जरा सावकाश.

कादंबरीत मुलगी पुढारी बापाला विचारते, ‘विरोधकाचा खून तुम्हीच करवलात?’ आणि तो कबूल करतो. चित्रपटात तो नाही म्हणतो.

“तो पुढारी म्हणजे तुमचेच वडील, असं लोक म्हणतात,” दीर बोलून गेले.

“माणूस अण्णांसारखा, गुन्हा माझ्या मनातला. राजकीय कादंबरीत थरार नको?”

दुपारी छोट्या चित्रगृहात सगळ्यांनी तो प्रसंग पाहिला. पुढारी खिडकीशी पाठमोरा उभा होता. ‘मी निर्दोष आहे, पोरी,’ तो म्हणाला. मुलगी दचकून मागे सरली आणि दार चाचपत निघून गेली.

“गुणाची पोर! बापाला एकांत दिला,” दीर म्हणाले.

“भाऊजी, तुम्ही पडदा बघता की पंखा?”

निर्माता वैतागला होता. “खुनी पुढारी म्हणजे बोंबाबोंब आणि बोंबाबोंब म्हणजे गर्दी! मी कशाला माझ्याच पायावर धोंडा पाडून घेऊ?”

दिग्दर्शक मान खाली घालून बसला होता. “आवाज भरायच्या वेळी मी तापानं अंथरुणाला खिळलो होतो. पुढारी झालेले दादा, म्हणजे बाईंचे थोरले भाऊ, रोज फोन करायचे. ‘इथे खोकू की नको?’ एवढ्यासाठीसुद्धा.”

“शेवटाबद्दल?”

“अवाक्षर नाही. नंतर चित्रपट पाहिला, तेव्हा वाटलं, बाईंनीच बदलायला लावलं असेल.”

ध्वनिमुद्रकानं खांदे उडवले. “वाक्यं रोजच बदलतात, वहिनी. आम्हाला कोण विचारतो?”

वहिनी उठल्या. “निर्दोष बापाला पोर मिठी मारते, त्याच्यापासून पळत नाही. म्हणजे चित्रीकरण कादंबरीप्रमाणेच झालं. पाठमोऱ्या माणसाचे ओठ दिसत नाहीत, तेव्हा बदलला तो फक्त आवाज. आता सांगा भाऊजी, खोकल्यासाठी फोन करणारा नट अख्खा शेवट उलटला तरी गप्प का?”

“त्याला… आधीच माहीत होतं?”

“शाब्बास!”

मागच्या रांगेत दादा डोळे पुसत होते.

“दादा, तू?” बाई मागे वळल्या. दिग्दर्शकाकडे बघायचा त्यांना धीर होईना.

“जाईन तिथे लोक विचारायचे, ‘खरंच का हो, तुमच्या वडिलांनी…?’ पुस्तक तुझं, त्याला हात कसा लावू? हे एक वाक्य तेवढं माझ्या तोंडी आलं.”

“मला कधी बोलला नाहीस! निदान अण्णा होते तोवर त्यांच्या कानावर तरी हा शेवट नव्हता ना गेला?”

“त्यांची नजर गेली होती. शेवटचं प्रकरण मीच वाचून दाखवलं.”

“काय म्हणाले?”



“म्हणाले, ‘झकास लिहिलंय पोरीनं. पुन्हा वाच.’”