तळहाताएवढं बटण

ज्या रिमोटच्या हुकमात अख्ख्या सांगलीतली यंत्रं होती, तो आबांच्या एका गाणपेटीपुढे हात का टेकतो? केतकीला हे कोडं दुकानातच पडलं.

आबा म्हणजे तिचे आजोबा, जन्मभर वेधशाळेत यंत्रं जुळवलेले. गाणपेटीही त्यांनी स्वतःच बनवलेली. ती इतकी जुनी, की नव्या यंत्रांसारखं तिला बोललेलं कळत नसे. पेटी, ध्वनिवर्धक आणि गाण्यांची यादी दाखवणारा पडदा, तिघांचे तीन रिमोट आणि बटणं डाळीच्या दाण्याएवढी. आबांची नजर अधू झाली आणि सगळा घोळ झाला. गाणं हवं तर कुणाला तरी हाक मारावी लागे. ते त्यांना आवडेना, म्हणून त्यांनी गाणीच सोडली. केतकीला याचं फार वाईट वाटे. आबा स्वतःच्या हाताने गाणं लावतील असा रिमोट आणायचाच, असा तिने चंग बांधला होता.

दुकानातला यंत्रमानव ठकू सगळ्यात चकचकीत रिमोट पुढे करत होता. त्यात म्हणे सगळ्या कंपन्यांचे संकेत भरलेले होते. पण आबांची पेटी कुठल्याच कंपनीची नव्हती. तेव्हा ठकूला खरं सांगावं लागलं. रिमोट अवरक्त प्रकाशाने (तांबड्याच्या पलीकडच्या, डोळ्यांना न दिसणाऱ्या प्रकाशाने) बोलतो. त्याचा दिवा भराभर उघडझाप करतो. प्रत्येक बटणाचा ठेका वेगळा, आणि तोच संकेत. चकचकीत रिमोटने असे हजारो ठेके पाठ केले होते, पण पेटीचा ठेका त्यांत नव्हता.

"मग मला पाठांतर करणारा नको," केतकी म्हणाली. "शिकणारा दाखव."

ठकूने नाइलाजाने मागच्या फळीवरचा, दुसऱ्या रिमोटचे ठेके बघून शिकणारा, एक साधासा स्पर्शपडद्याचा रिमोट काढला.

केतकीच्या घरी नवी वस्तू आली की आईची खोळ शिवून तयार असे. या रिमोटलाही संध्याकाळपर्यंत रेक्झिनची खोळ चढली, पडद्यापुरती खिडकी ठेवून. केतकीने पेटीचा जुना रिमोट नव्याच्या तोंडाशी धरून बटण दाबलं. पडद्यावर आलं, 'काहीच दिसलं नाही.' पुन्हा दाबलं, पुन्हा तेच. बाबा म्हणाले, परत करून टाक. केतकी जागची हलली नाही.

आबा शांतपणे म्हणाले, "बोलणारा मुका आहे की बघणारा आंधळा, ते आधी ठरव."

डोळ्यांना न दिसणारा तो प्रकाश कॅमेऱ्याला दिसतो, म्हणून तिने जुना रिमोट फोनच्या कॅमेऱ्यासमोर धरून बटण दाबलं. फोनमध्ये जांभळट ठिणगी लुकलुकली. म्हणजे बोलणारा ठीक होता! मग तिने नव्या रिमोटचं तोंड चाचपलं. त्याचा डोळा खोळीखाली झाकला गेला होता. आईने जीभ चावली आणि कात्री आणली.

आता रिमोट एकेक ठेका शिकत गेला. केतकीने पडद्यावरची सगळी बटणं पुसली आणि पडदाभर एकच बटण आखलं. ते दाबलं की तिन्ही यंत्रांचे संकेत एकापाठोपाठ एक सुटणार होते.

आबांनी त्यावर अख्खा तळहात ठेवला. पेटी खरखरली आणि गाणं सुरू झालं. आबा डोळे मिटून पहिलं कडवं संपेपर्यंत ऐकत राहिले.

"उद्या याला पंख्याची भाषा शिकवू," ते म्हणाले. "आता तू खेळायला जा. मला कुणाला हाक मारायची नाही."