सुतकातली माटोळी

गोवा राज्य झालं त्या वर्षीची चवथ. आदल्या दिवशी पेडण्याच्या बाजारात एक उंच माणूस माटोळीच्या रानफळांपुढे उभा राहून विकणाऱ्या बाईला विचारत होता, हे खायचं कसं? मला हसू आवरेना.

"खायचं नाही हो, गणपतीच्या डोक्यावर टांगायचं."

"बरं झालं सांगितलंत... चावणारच होतो." असं म्हणून बघत मात्र राहिला माझ्याकडे!

हा सतीश. कोल्हापूरचा, धारगळला हमरस्त्याच्या कामावर आलेला. संध्याकाळी आमच्या मंडळाच्या मांडवात हजर. नाटकाचा नायक तापाने आडवा झालेला, म्हणून मंडळाच्या शांतारामकाकांनी ठरवलं, उद्या नाटकाऐवजी चोर शोधायचा खेळ. रहस्यकथांचा फडशा पाडणारी गावात मी एकटी, तेव्हा कोडं माझ्या गळ्यात. मदतीला सतीश आपणहून बसला.

गणपतीचा चांदीचा उंदीर चोरीला, संशयित तिघं. तो लिहायचा, मी खोडायचे. पेन्सिलीवर बोटाला बोट लागलं की दोघंही उगाच खोकायचो...

मध्येच तो म्हणाला, "इथलं काम संपलं. परवा बेळगावला निघायचं. इथेच मुरगावच्या बंदरातही काम मिळतंय, पण... थांब म्हणणारं कोणी पाहिजे ना."

एरवी अख्ख्या गावाला गप्प करणारी मी. खोडलेलीच ओळ पुन्हा खोडत बसले.

मग त्यानेही गडबडून काहीतरी लिहिलं. आमच्या तिघा संशयितांपैकी एक दत्ताराम, त्याचा काका परवाच वारला. चोरीच्या वेळी दत्ताराम घरी माटोळी बांधत होता. मी कपाळावर हात मारला. अहो, सुतकात घरी गणपती नसतो, मग माटोळी कुठली? सतीशचा चेहरा पडला, आणि माझी ट्यूब पेटली. दत्ताराम खोटं बोलतोय. तोच चोर!

चवथीच्या संध्याकाळी गावाने डोकं खाजवून घेतलं. शेवटी शांतामावशीने बायकांतून हाक दिली, "सुतकात माटोळी? मेल्या दत्तारामा, सापडलास!" मांडव हसून लोळला. मला मात्र रडू येत होतं. उद्या सतीश जाणार होता, आणि मला तो हवा होता.

सकाळी ठेकेदाराची जीप रस्त्यावर थांबली. ट्रंक घेऊन तो आमच्या अंगणात निरोपाला आला.

"येतो मग..."

"थांबा," मी म्हटलं. "मी म्हणते, थांबा."

तो बघतच राहिला. मग वळून त्याने ड्रायव्हरला हात केला आणि जीप निघून गेली. आम्ही दोघं तुळशीपाशी खुळ्यासारखे उभे. आई बाहेर आली. आधी त्याच्याकडे बघितलं, मग माझ्याकडे.

"गो, उभी काय? त्याची ट्रंक आत घे."