कापूस दाबून धरा

हृदयाची झडप बदलायची तर आधी दात दाखवावे लागतात, हे मला कुठं ठाऊक होतं? म्हणून लातूरच्या त्या दवाखान्यात खुर्चीवर टेकताच मी डॉक्टरला विचारलं, "फाईल नीट बघितली ना? माझं छातीचं ऑपरेशन हाय. दात ठणठणीत हायेत."

डॉक्टरचं नाव अमरेश, गाव उदगीर, वयानं माझ्याहून जरासाच मोठा. मास्कच्या वर दोन डोळे तेवढे दिसत होते, आणि ते हसत होते.

"किडक्या दातातले जंतू रक्तातून नव्या झडपेवर जाऊन बसतात," तो म्हणाला. "नवं धान्य भरायच्या आधी कणगी झाडून घेत न्हाईत का तुमच्यात?"

पटलं. मी निमूट आ केला.

पोलीस भरतीसाठी अहमदपूरच्या मैदानावर पळताना मला धाप लागली आणि ती थांबेना, तिथून हे सगळं सुरू झालं. लहानपणी सांधे सुजून ताप आला होता, त्यानंच म्हणे झडप आखडली. माझ्या वडलांचं, अण्णांचं, तेव्हापासून आडतीच्या दुकानात लक्ष लागेना. घरात सगळे माझ्याशी दबक्या आवाजात बोलत, विचारत मात्र कुणी काही नव्हतं.

अमरेश विचारायचा, तेही नेमकं माझं तोंड उघडं असताना. पोलीसच का? पळताना काय वाटतं? मी "आ... ऊ" करायची, आणि तो सगळं कळल्यासारखी मान हलवायचा. चूळ भरून झाली की मी रागानं सगळी उत्तरं द्यायची, वर माझे प्रश्न. धातूची झडप वाजते का?

"शांत खोलीत येते ऐकू. मनगटावरच्या घड्याळासारखी."

"म्हंजे चोर पकडायला मी लपून बसले, की मीच सापडले."

तो इतका हसला की हातातला आरसा खाली ठेवावा लागला. मास्कच्या आड ते हसणं कसं दिसत असेल, याचा विचार मी अहमदपूरच्या एसटीत बसून करत राहिले. काय करणार, स्वभावच तसा.

शेवटच्या खेपेला त्यानं किडलेली अक्कलदाढ काढली. "कापूस घट्ट दाबून धरा. बोलायचं न्हाई," म्हणाला, आणि धुतलेले हात उगीच पुसत राहिला.

"अक्षरा... मी अण्णांना भेटायला यायचं म्हणून राहिलो. मागणी घालायला."

माझा हात तोंडाकडे गेला.

"काढू नका, रक्त येईल. उत्तर आत्ता नकोच. भीतीपोटी हाव म्हणाल... न्हाईतर माझी दया येऊन न्हाई म्हणाल. बऱ्या व्हा, मग सांगा."

अशी तोंड बंद करून कुणी मागणी घालतं का? मला लई राग आला. आणि लई आनंदही झाला. तेवढ्यात अण्णा आत आले, हात जोडून "शरणार्थ, डॉक्टरसाहेब" म्हणाले, आणि माझं सगळं गालातच राहिलं.

ऑपरेशनला नेताना आई रडत होती. भीती मलाही होती, खोटं कशाला बोलू. पण मला त्याला उत्तर द्यायचं होतं, आणि त्यासाठी जागं व्हायला हवं होतं.

जागी झाले. नंतर वॉर्डात आणल्यावर अमरेश भेटायला आला, पहिल्यांदाच मास्कशिवाय. समोरचा एक दात चक्क वाकडा. दाताच्या डॉक्टरचा! एवढे दिवस काय लपवलं होतं ते कळलं, आणि हसू आल्यानं टाके दुखले.

त्यानं काही बोलायला ओठ उघडले, तेवढ्यात मी शेजारच्या ट्रेमधला कापसाचा बोळा उचलला आणि त्याच्या दातांत दिला.

"दाबून धरा. बोलायचं न्हाई."

तो मुकाट्यानं उभा राहिला. त्या शांततेत माझ्या छातीतली टिकटिक दोघांनाही ऐकू आली. त्याचे डोळे भरले.

"अण्णांना भेटायला या," मी म्हणाले. "भीती गेली आता. दया तर तुमची कधी आलीच न्हाई. हाव."