न वाजलेलं पातेलं

किसनराव बत्तीस वर्षं शाळेत पीटी शिकवून निवृत्त झाले होते. बायको गेल्यापासून घरात एकटेच, तरी चहासुद्धा ताठ उभं राहून प्यायचे. नाचणगावात त्यांच्या आवाजाचा दबदबा होता. सकाळी ते अंगणात नुसते खाकरले तरी गल्लीतली कुत्री रांगेत उभी राहायची, असं लोक म्हणत.

अशा माणसाच्या घरी मे महिन्यात समीक्षा आली. वय आठ. तिचा बाप सचिन, म्हणजे किसनरावांचा पुतण्या, फौजेत होता. आई प्रेरणा सरहद्दीजवळच्या गावात नर्स. तिकडे तोफा सुरू झाल्या, शेजारचं घर डोळ्यांदेखत पडलं आणि पोरगी बोलायचीच थांबली. प्रेरणानं तिला वर्ध्याच्या गाडीनं आणून सोडलं. दवाखाना जखमींनी भरलेला, म्हणून दोन दिवसांत ती परतही गेली. जाताना एवढंच म्हणाली, "आबा, हिला आवाजापासून जपा."

पहिल्याच सकाळी कुकरची शिट्टी झाली आणि समीक्षा दिवाणाखाली शिरली, ती संध्याकाळपर्यंत बाहेर आली नाही. किसनरावांनी कुकर माळ्यावर टाकला आणि पातेल्यात वरण शिजवायला घेतलं. ते करपलं. मग त्यांनी दारात उभं राहून साऱ्या गल्लीला सांगितलं, "पोरगी भेली हाय! सगळ्यायनं हळू बोला!" हे त्यांनी इतक्या मोठ्यानं सांगितलं की समीक्षा पुन्हा दिवाणाखाली गेली.

गल्लीनं मात्र मनावर घेतलं. दूधवाला सायकल हातात धरून यायला लागला. प्रश्न होता समोरच्या मीराबाईंचा.

"मले हळू बोलताच येत नाई, मास्तर. मंग का मी बोलूच नोको?"

"नोका बोलू."

बाईंनी तीन दिवस खाणाखुणांवर काढले. चौथ्या दिवशी त्यांचं डोकं चढलं.

वानरांना कोण सांगणार? ती रोज दुपारी छपराच्या टिनांवर धडाधड उड्या मारायची आणि दर उडीला दिवाणाखालून एक बारीक हुंदका यायचा. किसनराव काठी घेऊन अंगणात हलक्या आवाजात ओरडायचे. वानरं शांतपणे त्यांच्याकडे बघायची.

एका दुपारी स्वयंपाकघरात फळीवरून मोठं पातेलं निसटलं. किसनरावांनी डोळे गच्च मिटले. काहीच झालं नाही. डोळे उघडून पाहतात तर पातेलं फरशीवर गरगर फिरत होतं. फिरलं, डुललं, थांबलं. आवाज नाही. त्यांनी ते उचलून मुद्दाम टाकलं. तरी नाही.

दुसऱ्या दिवशी ते पुलगावला डॉक्टरकडे गेले. डॉक्टरांनी दोन्ही कान तपासले आणि म्हणाले, "मास्तर, असे कान माझे असते तर!"

घरी आले तर टिनांवर पाच वानरं उड्या मारत होती. रस्त्यावर उभं असताना धडधड ऐकू येत होती. उंबरा ओलांडून आत पाय टाकला आणि ती बंद झाली. किसनराव एकदा बाहेर गेले, एकदा आत आले. असं सात वेळा केलं. मग पाणी प्याले.

ही गोष्ट ते कुणाला सांगणार नव्हते. पण गुरुवारी मीराबाई भांडायला आल्या. त्यांनी वाळत घातलेले पापड वानरांनी खाल्ले होते.

"मास्तर, तुमी वानरं हाकलता आन् थे माया घरी येते! उन्हातानात मी पाप..."

पाय उंबऱ्याच्या आत पडला आणि बाई बंद झाल्या. तोंड चालू, हात चालू, बांगड्या हलताहेत, सगळं मुकं. त्या दचकून मागे सरकल्या. "...खाल्ले!" पुन्हा आत आल्या, पुन्हा बंद. बाहेर, "व माय!" आत, काही नाही.

दिवाणाखाली समीक्षा तोंडावर हात दाबून हसत होती. खांदे गदगदत होते. ती मुक्यानंच हसत होती की घर तिचं हसूही ऐकू देत नव्हतं, हे किसनरावांना कळेना.

त्या दिवसापासून ती दिवाणाखालून बाहेर निघाली. शेजारी बसून जेवू लागली. मौज म्हणून ताटं खाली टाकू लागली. किसनरावही एक दोन ताटं टाकत. मीराबाई रोज काही ना काही काढून भांडायला येत आणि मायलेकींसारख्या त्या आणि समीक्षा उंबऱ्यावर आतबाहेर खेळत.

पण मग लहान आवाजही जायला लागले.

आधी चहाची उकळी गेली. मग घड्याळाची टिकटिक. प्रेरणाचा फोन घ्यायला रस्त्यावर जावं लागे. "बोलली का?" ती विचारायची. किसनराव म्हणायचे, "हासते."

एका संध्याकाळी ते समीक्षाला गोष्ट सांगत होते. अर्ध्यात त्यांच्या लक्षात आलं की स्वतःचा आवाज आपल्यालाच येत नाही.

त्यांनी पाटीवर लिहिलं, 'उद्या सेलूला आत्याकडे जाऊ.'

समीक्षानं ते वाचलं आणि पुसून टाकलं.

सकाळी ते अंगणात स्टुलावर आरसा टेकवून दाढी करत होते. आता अंगणातही काही ऐकू येत नव्हतं. वर टिनांवर वानरं होती. टिन उडू नये म्हणून ठेवलेला दगड त्यांच्या पायानं घसरत होता.

"आबा, सरका!"

सगळ्या जगात तेवढाच एक आवाज होता.

बत्तीस वर्षं हुकूम देणाऱ्या माणसानं पहिल्यांदा हुकूम पाळला. दगड स्टुलावर पडला, आरशाचे शंभर तुकडे झाले. मुक्यानंच.

मग, एका श्वासानंतर, धडधड वानरं पळाली.

समीक्षा दारात उभी होती. दिवाणाखाली शिरली नव्हती.

"पुन्हा म्हन," किसनराव म्हणाले. अर्ध्या चेहऱ्याला साबण, आणि डोळ्यांतून पाणी.

"सरका," ती म्हणाली.

नंतर तिला गप्प करणं कठीण झालं. महिनाभर जे ऐकलं होतं ते सगळं मीराबाईंच्या तोंडचं, त्यामुळे फोनवर ती आईला म्हणाली, "माय व! तू काऊन रडून राह्यली?"

जूनच्या अखेरीला तिकडे तोफा थांबल्या आणि प्रेरणा तिला न्यायला आली. मीराबाईंनी पापडांचा डबा दिला आणि रडल्या. तेही मोठ्यानं. समीक्षा दचकली नाही.

किसनराव दोघींना एसटीत बसवायला गेले. थांब्यावर गर्दी होती, ड्रायव्हरनं इंजिन सुरू ठेवलं होतं. समीक्षानं खिडकीतून त्यांचा हात धरला.

"आबा, तुमाले एकटं वाटन ना? घरातला आवाज खाते ना, त्याले मी सांगतलं. तो म्हने, मी राह्यतो आबासंग."

"कोन तो?"

समीक्षानं उत्तर दिलं. तिचे ओठ हलताना किसनरावांना स्पष्ट दिसले. मग कंडक्टरनं घंटीची दोरी ओढली आणि धूळ उडवत, जराही न वाजता, गाडी निघून गेली.