मल्हारचा डावा हात

नवरदेव मारुतीच्या पाया पडायला निघाला होता. त्याच्यापुढे बँडचा टेम्पो, मागे कंपन्यांच्या कॅबची लांबच लांब रांग, आणि माण गावच्या त्या चौकात मधोमध अडकलेली आरोहीची स्कूटर!

आरोहीचं डोकं आधीच तापलेलं. ती ऑनलाइन पियानो शिकवायची. पुण्यातली एक कंपनी तिला स्वतःचा कोर्स देणार होती, फक्त बारा विषयांची यादी हवी होती. तिने रात्रंदिवस खपून यादी पाठवली, ती दुपारीच परत आली. खाली एकच ओळ : 'हे तुम्हाला शिकवायचंय. लोकांना काय शिकायचंय?'

आणि घरी गेणबा, म्हणजे तिचे वडील. नऊ खोल्या भाड्याने दिलेला माणूस. दहावी खोली पियानोने अडवलेली. "महिनाअखेरपोतर कोर्स मिळाला तर ठीक," त्यांनी बजावलं होतं, "न्हाईतर पियानो इकायचा आन् खोलीत भाडेकरू." गेणबा एकदा बोलले की बोलले.

तेवढ्यात टेम्पोवरचा गाणारा भान विसरून वरच्या सुरात चढला. आता बँड उघडा पडणार, असं आरोहीला वाटलं... पण कीबोर्डवाल्या पोराने डाव्या हाताने, न बघताच, एक बटण दाबलं आणि अख्खं गाणं गाणाऱ्याच्या मागोमाग वर गेलं!

"अहो! हे काय केलंत?" ती ओरडली.

त्याने वाकून खाली बघितलं. सावळा चेहरा, घामाने डवरलेला, आणि हसू मात्र अगदी ताजं. "नवरदेवाला नाचिवलं."

"ते नाही हो! गाणाऱ्याची पट्टी बदलली आणि तुम्ही नोटेशनशिवाय —"

"म्याडम, नोटेशन बघत बसलो तर नवरदेव लगीन लावून मोकळा व्हईल."

आरोहीला हसू आवरेना. आणि मग अचानक तिने विचारलं, "तुम्हाला पियानो शिकायला मिळाला तर काय शिकाल?"

त्याची थट्टा एकदम थांबली. "डावा हात," तो म्हणाला. "सात वर्सं झाली, उजवा गानं वाजिवतोय आन् डावा नुसती बटनं दाबतोय. लई वाईट वाटतं त्याचं."

टेम्पो हलला. आरोहीने जिवाच्या आकांताने हाक मारली, "नंबर द्या ना तुमचा!" तर या पठ्ठ्याने काय करावं? गाणाऱ्याच्या हातातला माईक घेतला आणि दहाच्या दहा आकडे अख्ख्या चौकाला ऐकवले! वऱ्हाड खो-खो हसलं. तिसऱ्या आकड्याला आरोही लाजून लाल झाली, पण सातव्यापर्यंत ती तळहातावर लिहूनही घेत होती.

त्याचं नाव मल्हार. राहणार भरे गावात. घरी मेंढरं, थोडी शेती, आणि लग्नसराईत बँड. आरोहीने कोर्सची आणि खोलीची अडचण सांगितली, आणि दोघांचा सौदा ठरला. तिने डावा हात शिकवायचा, त्याने प्रत्येक धड्यामागे एक विषय द्यायचा.

धड्यासाठी मल्हारने फोन छपराच्या वाशाला टांगला होता, त्यामुळे पडद्यावर दिसायचे फक्त त्याचे हात. मागून मेंढरांची बें-बें, आणि त्याची आई तुकाबाई.

"कुनाशी बोलतुयास रं?"

"मास्तरीन हाय, आय."

"हसतुयास मग कशापाई?"

यावर मल्हार भराभर सूर वाजवू लागला, आणि इकडे माणमध्ये आरोही उगाच वहीची पानं उलटू लागली.

विषय मात्र एकाहून एक! नवरी यायला उशीर झाला तर एकच गाणं कसं लांबवायचं. नुसतं ऐकून गाणं कसं बसवायचं. चुकलं तरी हात न थांबवता पुढे कसं जायचं. आरोही भराभर लिहून घेई. सहा वर्षं शिकवत होती, पण हे तिला कुणी कधी विचारलं नव्हतं.

आणि तो डावा हात... आधी बिचकायचा, करंगळी मागेच राहायची. मग हळूहळू बोटं सुटी होऊ लागली. आरोहीला तो हात आवडायला लागला. हाताचा मालकही आवडायला लागलाय, हे तिने स्वतःशी कबूल केलं तेव्हा तव्यावरची भाकरी करपली होती. एका बुधवारी तर ती धड्याआधी काजळ घालून बसली. कॅमेरा तिच्याही हातांवरच होता, हे नंतर आठवलं!

नवी यादी कंपनीला पसंत पडली. आता एकच परीक्षा उरली : शनिवारी सकाळी अकराला, नवख्या विद्यार्थ्याला घेऊन, सगळ्यांसमोर एक धडा. विद्यार्थी अर्थातच मल्हार.

शनिवारी चाळीस माणसं बघायला बसली. कंपनीच्या कल्पना मॅडमही होत्या. आरोहीने पहिला सूर दिला. मल्हारने तीच पट्टी दाबली, आणि सूर भलताच वाजला! पुन्हा दाबली. पुन्हा तेच.

"म्याडम..." मल्हारचा आवाज पडला होता. "काल हळदीचा कारेक्रम हुता. सूर बदलायच्या बटनात हळद गेलिया. दोन घरं वर अडकलंय, निघंना."

पडद्यावर त्याचे हात पिवळेधमक दिसत होते. कल्पना मॅडमचा निरोप झळकला : 'दुसरा विद्यार्थी तयार आहे. बदला.'

आरोहीने निरोप दोनदा वाचला. बदललं की सगळं सुरळीत. पियानो वाचेल, खोली वाचेल. फक्त त्या पिवळ्या हातांना चाळीस माणसांसमोर 'जा' म्हणायचं...

छे! ते तिला जमणारच नव्हतं.

"बटण राहू दे," ती म्हणाली. "मीच दोन घरं वर येते. मंडळी, ठरलेला धडा रद्द. समोरच्याची पट्टी आपल्याशी जुळली नाही, तर आपण कसं सरकायचं, ते आज बघू. मल्हार, बटण अडकलंय ना? मग डावा हात रिकामाच आहे. आणा त्याला पुढे!"

आणि तो आला. तीन सूर, पुन्हा तीन सूर, वर उजव्याचं गाणं. दोन्ही हात एकत्र! आरोहीने आपल्या पियानोवर त्याच्या सुरात उत्तर दिलं. पडद्यावर प्रश्नांचा पाऊस पडला — हे कसं केलं? पुन्हा दाखवा! आमच्या गायिकेचंही असंच होतं!

तासाभरात कल्पना मॅडमचा फोन. कोर्स पक्का.

"गेली माझी धावी खोली," गेणबा म्हणाले, पण मिशीतल्या मिशीत हसत होते. आरोहीने मल्हारला फोन लावला. बंद. तिने स्कूटर काढली आणि वाटेतल्या घोटवड्यावरून थेट भरे गाठलं.

मल्हार अंगणात कीबोर्ड उघडून, पिन घेऊन बटण खरवडत बसला होता. तिला बघून धडपडत उठला. "म्याडम, माझ्यामुळं तुमचं नुस्कान —"

"कोर्स मिळाला."

"आन् खोली?"

"राहिली."

त्याने अशी आरोळी ठोकली की मेंढरं बिथरली. मग एकदम त्याचा चेहरा उतरला. "म्हंजे आता धडं बंद व्हय? विषय तर समदे दिऊन झाले."

आरोहीने एकदा स्कूटरकडे बघितलं. पण इतकं अंतर आल्यावर माघारी कशी फिरणार? "मल्हार, तीन आठवडे मी तुमचे फक्त हात बघितलेत. आता मला तुम्ही दिसायला हवे. रोज... मला तुम्ही आवडता."

तो एक पाऊल पुढे आला. "मी बी त्याच दिसापासनं... पर बोलायची छातीच झाली न्हाई. बँडवाला, मेंढक्याचा पोरगा! तुमचे वडील काय म्हनतील?"

"त्यांना नाही अजून विचारलं. आधी तुम्हाला विचारतेय."

"मग चला," तो पिन टाकून म्हणाला. "आत्ताच. तुमी एकलीनं का म्हनून इचारायचं?"

"थांबा रं दोघंबी!" दारातून तुकाबाईंचा आवाज आला. त्या कधीपासून उभ्या होत्या, देव जाणे. "उन्हाची आलीय पोर. हितं ताट वाढलंय. आदी जेवा, मंग कुनाला काय इचारायचं ते इचारा."

मल्हारने आरोहीकडे बघितलं. तिने स्कूटरची किल्ली ओट्यावर ठेवली, चपला काढल्या आणि विचारलं, "आई, हात कुठे धुऊ?"